डोमेन सस्पेंड झालंय? आधी राउटर बंद करून चालू करा

वेबसाइट उघडत नाही असं कळलं की सर्वात आधी राउटर बंद करून चालू करावा. मग ब्राउझर बदलावा, मग मोबाइल डेटावर बघावं, मग मित्राला फोन करून ‘तुझ्याकडे उघडतेय का रे?’ असं विचारावं. त्याच्याकडेही उघडत नसेल तर होस्टिंगवाल्याला धारेवर धरावं. सर्व्हर व्यवस्थित चालू आहे, असं तो काकुळतीला येऊन सांगेल. विश्वास ठेवू नये. साइटची जागा त्याच्याकडून घेतली आणि तिचं नाव, म्हणजे डोमेन, दुसऱ्याच कंपनीकडून, हे समजावून सांगायची संधी त्याला देऊ नये. ते समजलं तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो आणि भांडणाची सगळी मजा जाते.

डोमेनची नोंद तर चुकूनही उघडून पाहू नये. ती कुणालाही फुकट पाहता येते. पूर्वी ‘हूइज’ या शोधसेवेवर दिसायची, आता तिच्या जागी आलेल्या ‘आरडॅप’वर दिसते. तिथे स्टेटसची ओळ असते. ‘क्लायंट होल्ड’ म्हणजे तुमच्या रजिस्ट्रारने, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीने, ते थांबवलंय, ‘सर्व्हर होल्ड’ म्हणजे त्याच्याही वरच्या, नावांची मुख्य यादी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रीने, ‘रिडेम्पशन पिरियड’ म्हणजे नाव डिलीट झालंय पण अजून सोडवून आणता येतं. कुणाचं दार ठोठावायचं ते एका ओळीत कळतं. पण असं लगेच कळलं तर सोशल मीडियावर लिहायचं काय?

तिथे लिहिताना ‘अचानक’ हा शब्द मोक्याच्या ठिकाणी वापरावा. ‘आमचं डोमेन अचानक बंद करण्यात आलं.’ डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनचा, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचा, रजिस्ट्रारला नियम असा की मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत तिसरी पाठवायची. तरीही कुणी हललं नाही, तर नाव काढून टाकण्याआधी शेवटचे ८ दिवस ते सहसा चालूच ठेवायचं नाही, म्हणजे निदान साइट बंद पडलेली बघून तरी मालकाला जाग येईल. तुम्ही ज्याला अन्याय म्हणताय ती खरं तर चौथी नोटीस आहे. पत्रं उघडत नाही म्हणून घराची लाइट घालवून दिलेली. पण हे पोस्टमध्ये लिहू नये, लाइक कमी येतात.

आता या सूचना गेल्या कुठे, हा प्रश्न. इथे तुमची दूरदृष्टी कामाला येते. नोंदणीच्या वेळी संपर्काचा ईमेल म्हणून तुम्ही त्याच डोमेनवरचा पत्ता दिलेला असतो. नाव होल्डवर गेलं की साइटबरोबर मेलही थांबतो. मग सपोर्टशी होणारा संवाद ऐकण्यासारखा असतो.

‘सर, पासवर्ड बदलायची लिंक तुमच्या ईमेलवर पाठवली आहे.’
‘तो ईमेल बंद आहे.’
‘का बंद आहे सर?’
‘तुम्ही डोमेन बंद केलंय म्हणून.’
‘ते चालू करायला आधी लॉगिन करावं लागेल सर. लिंक ईमेलवर पाठवली आहे.’

दुसरा एखादा पत्ता नोंदवलाय का, असं त्याने विचारलं की उत्कंठा वाढते. नोंदवलेला असतो. साइट बनवून देणाऱ्या मुलाचा. खातं त्याचं, कार्ड त्याचं, आणि बारकाईने पाहिलं तर डोमेनचा मालक म्हणून नावही त्याचंच. त्याचं शेवटचं बिल तुम्ही ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवलं होतं. आता त्याला फोन करावा आणि आवाजात भरपूर जिव्हाळा आणावा.

मुदत शिल्लक असतानाही नाव घालवण्याची सोय आहे. नवं नाव घेतलं किंवा संपर्काची माहिती बदलली की खातरजमेचा मेल येतो. १५ दिवसांत प्रतिसाद मिळाला नाही, तर रजिस्ट्रारने स्वतः माहिती पडताळायची, नाहीतर नाव थांबवायचं. अशा वेळी बहुधा लिंकवर एक क्लिक केलं की नाव फुकटात परत मिळतं. पण तुम्ही सायबर सुरक्षेबाबत जागरूक! आलेल्या लिंकवर क्लिक करायचं नाही म्हणजे नाही. मात्र भलत्याच कंपनीकडून ‘डोमेन नूतनीकरण: अंतिम सूचना’ असा रुबाबदार कागद आला, तर त्याच दिवशी पैसे भरून मोकळं व्हावं.

साइट हॅक होऊन तिच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये बँकेचं खोटं लॉगिन पान कुणी टाकलं असेल आणि त्यावरून नाव थांबवलं असेल, तर मामला आणखी रंगतो. एप्रिल २०२४ पासून फिशिंगचा पुरेसा पुरावा हातात आल्यावर कारवाई करणं रजिस्ट्रारला करारानेच बंधनकारक आहे. तो एवढंच विचारतो की पान काढलं का, आणि आत शिरायची वाट बुजवली का? याला उत्तर देऊ नये. त्याऐवजी संस्थेची उज्ज्वल परंपरा, झालेली बदनामी आणि वकिलाचा उल्लेख असलेलं लांबलचक पत्र पाठवावं. ते खोटं पान राहू द्यावं जागेवर. पुरावा म्हणून.

पैशाच्या बाबतीत सबुरी हवी. मुदत संपल्यावर बऱ्याच रजिस्ट्रारांकडे काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. तेव्हा भरू नये, त्यात थरार नाही. नाव रिडेम्पशनमध्ये गेलं की ३० दिवस मिळतात आणि नूतनीकरणाच्या वर सोडवणुकीचं वेगळं शुल्क लागतं, बहुतेक ठिकाणी कितीतरी पट. इथे घासाघीस सुरू करावी आणि ३० दिवस नेटाने चालवावी. त्यानंतरचे ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’चे. त्या काळात रजिस्ट्रारही काही करू शकत नाही, त्यामुळे तुमच्यावर कसलीच जबाबदारी उरत नाही. मग नाव खुलं होतं आणि टपून बसलेले प्रोग्रॅम ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उचलतात. पुढच्या वेळी तुम्हाला ते लिलावात भेटतं.

कुणी हसलं तर मायक्रोसॉफ्टचं उदाहरण द्यावं. १९९९ च्या डिसेंबरात, ऐन नाताळात, त्यांच्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायचे राहून गेले आणि हॉटमेलवाल्यांची लॉगिनची वाट बंद झाली. मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रॅमरने, तोही प्रतिस्पर्धी लिनक्सवाला, स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली. असा कुणीतरी तुमच्यासाठीही भरेलच, या भरवशावर राहायला हरकत नाही.

आणि समजा एवढं सगळं करूनही नाव परत मिळालंच, तर साइट लगेच दिसत नाही म्हणून पुन्हा तक्रार करावी. जागोजागी साठलेल्या जुन्या नोंदी बदलायला काही तास, कधी एखाद-दोन दिवस लागतात, असं ते सांगतील. नूतनीकरण एकाच वर्षाचं करावं. डॉट कॉम एकदम १० वर्षांपर्यंत घेता येतं, पण एवढं बांधून कोण घेतो? ऑटो-रिन्यू चालू करून त्याला येत्या चार महिन्यांत मुदत संपणारं कार्ड जोडावं. संपर्काचा ईमेल मात्र आजच बदलावा. त्या मुलाचा पत्ता काढून तिथे आपल्याच डोमेनवरचा घालावा, प्रोफेशनल दिसतो.