हंपीचा जुना पूल बघायला जाताय? मग एवढं कराच

हंपीला जाताय ना? वा. आम्ही नुकतेच जाऊन आलो, टूरच्या बसने, आपल्याच मराठी मंडळींबरोबर, त्यामुळे जुना पूल कसा बघायचा याचं ट्रेनिंग फुकटात झालंय. घ्या तुम्हीही.

आधी विठ्ठल मंदिरातला दगडी रथ. हातात 50 ची नोट (तिच्यावर हाच रथ आहे) धरून रथाशेजारी फोटो. तो झाला की हंपी झाली.

तरी नदीकडे वळलातच तर पुरंदरदास मंडपाजवळ तुंगभद्रेत उभ्या दगडी खांबांच्या रांगा दिसतील, तोच तो जुना पूल. तिथे "कॉन्ट्रॅक्टर पैसे घेऊन पळाला वाटतं" हा जोक मारायचाच. कोणीतरी हसतंच.

गाइड म्हणाला वानरसेनेने बांधला, तर मान डोलवा. पलीकडे आनेगुंदी, म्हणजे किष्किंधाच म्हणतात, गोष्ट छान बसते. ग्रुपमधला एखादा चष्मेवाला (मीच तो) सांगायला लागला की अहो हा चौदाव्या शतकाच्या शेवटचा, विजयनगरच्या दुसऱ्या हरिहराचा भाऊ कंपभूप याने बांधल्याचं मानतात, ग्रॅनाइटचे खांब, त्यावर आडव्या तुळया आणि वर रस्ता, तर लगेच विचारा, "जेवण किती वाजता?"

कोराकलमध्ये, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीत, बसलात की गरागरा फिरवायला लावा आणि किंचाळा. 1520 च्या सुमारास डोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज इथे आला होता, त्याने लिहून ठेवलंय की लोक अशाच चामड्याने मढवलेल्या गोल होड्यांतून नदी पार करतात, घोडे-बैलसुद्धा. मग तेव्हा पूल मोडलेलाच होता का, असं मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, "सर चलो, लेट हो रहा है."

पावसाळ्यात जाऊ नका. धरणातून पाणी सोडलं की खांब बुडतात, रीलमध्ये काही येत नाही.

आता मुख्य टीप. काठावरच्या खांबावर आपलं नाव लिहा. पेन आणलं नसेल तर पोराच्या कंपासमधला व्हाइटनर चालतो, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी हेच केलं, आधी हाताने दगडावरची धूळ पुसली, मग व्हाइटनर खळखळ हलवला, पोराला वर उचलून धरलं आणि त्याच्याकडून नाव लिहून घेतलं, खाली बदाम, बदामाचं एक टोक ओघळलं तर ते बोटाने नीट केलं, काकू व्हिडिओ काढतायत, आणि मी म्हटलं अहो हे काय करताय तर मला म्हणतात "तुमच्या बापाचा आहे का पूल? नदीत पडलेत नुसते दगड." नुसते दगड! सहाशेहून जास्त वर्षं, दरवर्षी पूर अंगावर घेत उभे आहेत ते नुसते दगड. तिथून जवळच आनेगुंदीला जाणारा नवा पूल बांधत होते, त्याच्यापायी 1999 मध्ये युनेस्कोने हंपी धोक्यातल्या जागतिक वारशाच्या यादीत टाकली, आणि 2009 मध्ये तो पूल काम चालू असतानाच कोसळला, मजूर गेले बिचारे. आणि हे सांगतायत दगड!

2019 मध्ये हंपीतलाच एक खांब ढकलून पाडायचा व्हिडिओ आला होता, आठवतोय? त्या पोरांना कोर्टाने दंड केला, वर खांब पुन्हा उभा करायला लावला. संरक्षित स्मारक खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, कायद्यात आहे हे. पण आपल्याला काय, आपण पकडले थोडेच जातो.

बास झाल्या टिप्स. अरे लाजा वाटत नाहीत का? घरी पोराने भिंतीवर एक रेघ मारली तर पाठीत धपाटा घालता ना? मग इथे त्यालाच उचलून धरून लिहायला शिकवताय? आणि काकू, तुम्ही व्हिडिओ कसला काढत होतात, हात धरायचा होता नवऱ्याचा. बाकीचे आम्ही वीस-पंचवीस जण तर काय, शेंगदाणे खात बघत उभे.