गळ्यातला पंखा आणि टेबलावरचा कूलर : वसईच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. उन्हाळ्यात गारव्यासाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या उपकरणांवर मी लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही म्हणता, की एसीच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या आठशे रुपयांच्या पंख्याला 'पैशांचा चुराडा' म्हणणं सोपं असतं. तुमचं पोळी-भाजी केंद्र आहे, पाच बायका सकाळी सहापासून तव्यापुढे उभ्या असतात आणि गेल्या उन्हाळ्यात तुम्ही प्रत्येकीला गळ्यात अडकवायचा पंखा घेऊन दिलात. 'त्यांना बरं वाटतं, मला तेवढं पुरे,' हे तुमचं शेवटचं वाक्य.

आधी माझं चुकलं ते सांगते. गळ्यातला पंखा, टेबलावरचा मिनी कूलर, गार टॉवेल, मेन्थॉलची पावडर, सगळं मी 'पैशांचा चुराडा' म्हणून एकाच माळेत ओवलं. आणि लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ऑफिसात बसलेला माणूस होता, शेगडीपुढची बाई नव्हती. गॅस पेटलेला असताना डोक्यावरचा पंखा लावता येत नाही. ज्योत फडफडते, तवा एका अंगाला जास्त तापतो, परातीतलं पीठ उडतं आणि लाटून ठेवलेली पोळी तव्यावर पडायच्या आधीच कडेनं वाळते. माझ्या आईनं जन्मभर पंखा बंद ठेवून पोळ्या केल्या. दर चार पोळ्यांमागे ती पदरानं मान पुसायची. हे रोज बघत मोठी झाले आणि तरी लेखात त्याचा एक शब्द आला नाही. या बाबतीत तुमचा राग रास्त आहे.

आता पंखा का उपयोगी पडतो ते. घाम नुसता आल्यानं माणूस गार होत नाही, तो सुकला तर होतो. एक लीटर घाम अंगावर सुकला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. वसईत मे महिन्यात पारा 33 च्या आसपास असतो, पण हवेत दमटपणा 70 टक्के. त्वचेला चिकटून असलेला हवेचा थर लगेच ओलावतो आणि पुढचा घाम सुकायचा थांबतो. पंखा तो थर हलवतो. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये निरोगी तरुणांना बसवून हे तपासलं. 40 अंश आणि 50 टक्के दमटपणा असताना पंख्यानं शरीराचं तापमान आणि हृदयावरचा ताण दोन्ही कमी झाले. 47 अंशांच्या कोरड्या हवेत मात्र त्याच पंख्यानं त्रास वाढला. म्हणजे नुसती हवा खेळवणं हा उपाय आपल्या किनाऱ्याच्या उकाड्यालाच जास्त लागू पडतो. हे मला ठाऊक होतं, पण गळ्यातल्या पंख्याला लावून पाहिलं नाही.

पण टेबलावरच्या मिनी कूलरबद्दल जे लिहिलं, त्यातला शब्दही मागे घेणार नाही. तुम्ही प्रतिक्रियेत 'पुढच्या वर्षी तेही घेणार आहे' म्हटलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीला बाबांच्या खोलीसाठी मी असाच एक डबा मागवला. जाहिरातीत 'छोटा एसी' असं लिहिलेलं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, एसीचा वारा त्यांना सोसत नाही. डासांमुळे खिडक्या बंद. टाकीत 400 मिली पाणी मावायचं आणि चार तासांत संपायचं. पहिला अर्धा तास बाबा खूश होते, तोंडावर गार झुळूक येत होती. खोलीत दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र ठेवलं होतं. रात्री अकराला त्यावर 66 होते, एक वाजता 79. चादर हाताला ओलसर लागायला लागली, उशाशी ठेवलेल्या वर्तमानपत्राचा कागद पोह्याच्या पापडासारखा सादळला, आणि बाबा उठून गॅलरीत जाऊन बसले. म्हणाले, आत जीव गुदमरतो.

दुसऱ्या दिवशी मी हिशेब मांडला. टाकीतलं सगळं पाणी वाफ होऊन गेलं असं धरलं, तरी चार तासांत मिळणारा गारवा सरासरी 67 वॅटचा. माणूस स्वस्थ बसला तरी त्याच्या अंगातून सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे एकट्या बाबांच्या अंगची उष्णताही त्या डब्याला उचलता येत नव्हती. दीड टनाचा एसी 5200 वॅटच्या आसपास उष्णता खोलीबाहेर फेकतो. आणि हा डबा तर काही बाहेर फेकतच नाही. पाण्याची वाफ खोलीतच राहते आणि घाम सुकायची जी थोडी जागा हवेत उरलेली असते, तीही भरून टाकते.

यावर नागपूरची मंडळी म्हणतील, आमच्याकडे तर कूलरवरच उन्हाळा निघतो. निघतोच. तिथे 44 अंश असताना दमटपणा 15 टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनानं हवा 23 अंशांपर्यंत उतरू शकते. वाळ्याच्या ताट्यांच्या मोठ्या कूलरमधून ती तिशीच्या खाली नक्की येते, वर खिडकीतून बाहेरची कोरडी हवा सतत आत येत असते. आपल्याकडे 33 अंश आणि 70 टक्क्यांना हीच मर्यादा 28 वर येऊन थांबते, तीही कागदावर. तेव्हा ताई, ते पैसे वाचवा.

पावडरीचं थोडक्यात. मेन्थॉल त्वचेतल्या थंडी जाणवणाऱ्या संवेदकांना जागं करतं, उष्णता काढत नाही. घामोळ्यांवर बरं वाटत असेल तर जरूर लावा, पण त्याला गारवा समजू नका.

हीच भीती मला तुमच्या पंख्यांबद्दलही आहे. मान आणि चेहरा गार झाला की बरं वाटतं, पण शरीराच्या आतलं तापमान त्या प्रमाणात उतरत नाही. तव्याची धग पंख्यानं अडत नाही, ती सरळ अंगावर येते. बरं वाटतंय म्हणून बाई आणखी तासभर उभी राहते, पाणी प्यायचं विसरते. किनाऱ्यावर आपण पाऱ्याकडे बघून निर्धास्त राहतो. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून करतं आणि किनारपट्टीवर 37 पासूनच. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी भर दुपारच्या कार्यक्रमात लोक उन्हात तासन्‌तास बसले होते. आसपास पारा 38 होता आणि 14 जणांचा जीव गेला.

म्हणून पंखे राहू द्या, त्यांच्या जोडीला एक करून बघा. मोरीत एक बादली गार पाणी भरून ठेवा, माठातलं घातलंत तर आणखी चांगलं. तासाभरानं एकेकीनं तव्यापासून दूर बसून दोन्ही हात कोपरांपर्यंत त्यात दहा मिनिटं बुडवायचे. हवेपेक्षा पाणी पंचवीसएक पट सहज उष्णता वाहून नेतं, आणि हातांतून फिरून आलेलं गार रक्त सगळ्या अंगात जातं. आगीशी झुंजून आलेल्या अग्निशमन जवानांनाही हाच उपाय देतात. नळाचं पाणी मे महिन्यात कोमट वाटतं, तरी ते बहुधा त्वचेपेक्षा चार-पाच अंश गार असतं. हात पुसले की पुन्हा लाटायला बसता येतं. सोबत मीठ घातलेलं कोकम सरबत ठेवा. धूर ओढणारा पंखा शेगडीच्या वरच हवा, बाईच्या पाठीमागच्या भिंतीवर नको, नाहीतर तव्याची गरम हवा बाईच्या तोंडावरून जाते. आणि गळ्यातल्या पंख्यांच्या जाळीत पीठ बसतं, ते रोज कोरड्या ब्रशनं झाडा. वेणी किंवा अंबाडा वर बांधलेला असू द्या, मागच्या बाजूनं केस ओढले जातात.

लेखातलं गळ्यातल्या पंख्याचं वाक्य मी आज सकाळी बदललं आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. बादलीचा प्रयोग आठवडाभर केलात तर पाचही जणींना काय वाटलं ते कळवा. एखादीला चक्कर, मळमळ किंवा डोकं ठणकणं चालू झालं असेल, तर तिला पंख्याखाली बसवून थांबू नका, अंगावर पाणी ओता आणि लगेच दवाखान्यात न्या.