'चट्टा नाही म्हणजे लाईम नाही' हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

इथे अमेरिकेत आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय, मला तिघांकडून आला. थोडक्यात असं लिहिलंय की मुलाचा गुडघा अचानक सुजला तर लाईमची (गोचीड चावल्याने होणाऱ्या जंतुसंसर्गाची) भीती घालून घेऊ नका, लाईम असेल तर आधी लाल गोल चट्टा येतोच, गोचीड चावली की कळतंच, थंडीत लाईम होत नाही, ताप नसेल आणि पोरगं चालत असेल तर आंबेहळदीचा लेप लावा, आणि टेस्ट एकदा निगेटिव्ह आली की विषय संपला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण आम्ही कनेक्टिकटमध्ये राहतो आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यातलं बहुतेक सगळं चुकीचं ठरलं, म्हणून एकेक घेऊन लिहितेय.

चट्टा येतोच? नाही. साधारण 70 ते 80 टक्के लोकांना येतो, म्हणजे बाकीच्यांना येत नाही किंवा दिसत नाही. डोक्यात केसांखाली, काखेत, गुडघ्याच्या मागे आला तर कोण बघतंय. आणि पुस्तकातला तो लालभडक गोल गोऱ्या कातडीवरचा असतो, आपल्या सावळ्या रंगावर तो तपकिरी नाहीतर निळसर डागासारखा दिसू शकतो, मुका मार लागलाय असंच वाटतं. ज्या गावावरून या आजाराला नाव पडलं ते लाईम इथे कनेक्टिकटमध्येच आहे, तिथे 1975 साली पॉली मरे नावाच्या एका आईने आरोग्य खात्याला कळवलं की आमच्याकडे इतक्या मुलांचे सांधे का सुजतायत. तोवर मुलांचा संधिवात म्हणूनच उपचार चालले होते. येल विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅलन स्टीअर यांनी तपासलेल्या 51 जणांपैकी, त्यात 39 मुलंच होती, फक्त 13 जणांना चट्टा आल्याचं आठवत होतं. म्हणजे हा आजार सापडला तोच मुळी सुजलेल्या गुडघ्यांवरून!

गोचीड चावली की कळतं, हेही नाही. गावाकडे गाईम्हशींच्या अंगावर टम्म फुगलेली गोचीड आपण बघितलेली असते, तेच डोळ्यासमोर येतं. इथली लहान अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावताना दुखत नाही, पोट भरलं की गळून पडते.

थंडीचं म्हणाल तर माझ्या मुलाचा गुडघा नोव्हेंबरात सुजला. चावण्याचा मुख्य सीझन मे ते जुलै असतो, पण जंतू सांध्यात पोचून सूज दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. त्यामुळे "आत्ता कुठे गोचीड" हा प्रश्नच चुकीचा, उन्हाळ्यात पोरं कुठे खेळत होती ते आठवायला हवं.

लेपाबद्दल. सकाळी पँट घालताना बघितलं तर डाव्या गुडघ्याची वाटीच दिसत नव्हती, सगळा गोल गरगरीत, हाताला कोमट, आणि हा मात्र जिना उतरून खाली गेलासुद्धा. माझी आई तेव्हा पुण्याहून आलेली, तिने आंबेहळद उगाळून लावली, आम्ही फुटबॉल खेळताना लागलं असेल म्हणून चार दिवस घालवले, आणि ते चार दिवस मला अजून टोचतात. सूज भरपूर आणि दुखणं त्या मानाने कमी, बहुतेकदा एकच गुडघा, हेच तर लाईमच्या सांधेदुखीत नेहमी दिसतं. याउलट जोरात ताप आहे, पाय टेकवतच नाही, हात लावू देत नाही, असं असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो, तेव्हा रात्र असली तरी तडक इमर्जन्सीत जा, सकाळची वाट बघू नका.

टेस्टचं अर्धं खरं आहे. रक्तातल्या अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चावल्यावर पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह आलेल्या टेस्टला अर्थ नाही. पण गुडघा सुजेपर्यंत इतके दिवस गेलेले असतात की लाईम असेल तर ती जवळजवळ नेहमीच पॉझिटिव्ह येते. माझ्या मुलाची पहिलीच टेस्ट पॉझिटिव्ह आली. 28 दिवस तोंडाने अमॉक्सिसिलिन, पूर्ण सूज उतरायला दोन महिने लागले, आता पळतोय. आणि बरं झाल्यावरही टेस्ट वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, त्यावरून परत परत औषध घेऊ नका.

हाच मेसेज माझ्या बहिणीला पुण्यातही आला, तिने विचारलं आम्ही पण टेस्ट करायची का. तिथे लाईम फारच क्वचित, अचानक सांधे सुजले तर चिकनगुनिया, युरिक अ‍ॅसिड, टीबी हे डॉक्टर आधी बघतील. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीकडे गोचिडीमुळे होतो तो माकडताप, तो व्हायरसचा वेगळा आजार, त्यात एकदम जोरात ताप चढतो, गुडघा असा एकटा फुगत नाही.