उठावानंतरचं पहिलं वर्ष

लोक रस्त्यावर उतरले, राष्ट्राध्यक्ष पळाला, निवडणूक झाली, डावे जिंकले. इथपर्यंतचं सगळं आपण मोठ्या उत्साहाने शेअर करतो. पुढचं कंटाळवाणं वाटतं, कारण त्यात रॉयल्टीचे टक्के, बहुमताची गणितं आणि डिझेलचे दर येतात. पण डाव्या सरकारांचं भवितव्य तिथेच ठरतं, आणि ते सगळ्यात बारकाईने डाव्यांनी वाचलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

बोलिव्हिया घ्या. सरकार जिथून चालतं ते ला पास शहर खोऱ्यात आहे आणि त्याच्या डोक्यावर पठारावर एल आल्तो ही कष्टकरी आदिवासींची वस्ती. शहराकडे जाणारे महत्त्वाचे रस्ते, विमानतळ आणि सेनकाताचा इंधन डेपो सगळं वरच. त्यामुळे ऑक्टोबर २००३ मध्ये तिथल्या वस्ती समित्यांनी रास्ता रोको केला तेव्हा काही दिवसांत ला पासमधलं पेट्रोल आणि गॅस संपत आला. लष्कराने टँकर बाहेर काढण्यासाठी गोळीबार केला. त्या संघर्षात साठहून अधिक माणसं मेली आणि १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा राजीनामा देऊन अमेरिकेला गेले.

इथे एक गोष्ट फार मोलाची घडली. आंदोलनाच्या मागण्या ठरलेल्या होत्या आणि सगळ्यांच्या तोंडी होत्या: गॅसचं राष्ट्रीयीकरण आणि नवी घटनासमिती. म्हणून मधली दोन वर्षं वाया गेली नाहीत. रस्त्याच्या दबावाखाली मे २००५ मध्येच संसदेने कायदा करून १८ टक्के रॉयल्टीवर ३२ टक्क्यांचा थेट कर बसवला. डावे नेते एवो मोरालेस डिसेंबरमध्ये जवळपास ५४ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा गॅसच्या उत्पन्नातला निम्मा वाटा राज्याच्या नावावर आधीच लागलेला होता. १ मे २००६ च्या हुकुमाने सर्वांत मोठ्या दोन क्षेत्रांवर आणखी ३२ टक्के चढवले. झाले ८२. त्या दिवशी गॅसक्षेत्रांवर सैनिक उभे असल्याचे फोटो जगभर छापले गेले, पण प्रत्यक्षात कंपन्यांना हाकललं नव्हतं. नवे करार करायला त्यांना १८० दिवस दिले होते आणि बहुतेक सगळ्यांनी सह्या केल्या. विहिरी चालवणारे इंजिनिअर जागेवर राहिले, गॅसची मालकी सरकारी कंपनीकडे आली. माझ्या मते हे गेल्या पंचवीस वर्षांतलं डाव्यांचं सगळ्यात हुशारीचं आर्थिक पाऊल आहे. २००५ मध्ये सुमारे ३८ टक्के असलेलं अतिदारिद्र्य २०१८ पर्यंत १५ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हाताऱ्यांना पेन्शन, शाळकरी मुलांना वर्षाला २०० बोलिव्हियानो, गरोदर बायकांना भत्ता, हे सगळं त्याच पैशातून.

मग बिघडलं कुठे? पैसा वाटला गेला, पण नवे साठे शोधण्यावर पुरेसा खर्च झाला नाही. गॅसच्या निर्यातीचा दर तेलाच्या भावाशी बांधलेला होता. २०१४ मध्ये तेल कोसळलं, त्यानंतर उत्पादनही उतरत गेलं आणि दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. दुसरीकडे देशातलं पेट्रोल-डिझेल वर्षानुवर्षं गोठवलेल्या दराने विकलं जात होतं, आणि त्यातलं बरंचसं डिझेल आयातीचं. २६ डिसेंबर २०१० ला सरकारने पेट्रोल ७३ आणि डिझेल ८३ टक्क्यांनी एका रात्रीत महाग केलं. त्याच एल आल्तोत लोक पुन्हा रस्त्यावर आले आणि ३१ डिसेंबरला हुकूम मागे घ्यावा लागला. टप्प्याटप्प्याने, आधी गरिबांच्या हातात भरपाई देऊन, हे करता आलं असतं. पण पोळल्यावर मोरालेस यांच्या पक्षाच्या सरकारांनी विषयच सोडून दिला. डॉलरचा दर ६.९६ वर धरून ठेवला, आणि २०१४ ला १५ अब्ज डॉलरच्या घरात असलेली गंगाजळी दहा वर्षांत दोन अब्जांच्या खाली गेली. शेवटी पंपांवर रांगा लागल्या.

याहून जास्त नुकसान संघटनांचं झालं. आंदोलनातले पुढारी मंत्री आणि अधिकारी झाले, आणि सरकारला खालून टोकणारं कुणी उरलं नाही. जे टोकायचे, उदाहरणार्थ २०११ मध्ये जंगलातून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध चालत निघालेले आदिवासी, त्यांच्यावर पोलीस सोडले. २०१६ च्या सार्वमतात लोकांनी मोरालेसना आणखी एका मुदतीची परवानगी नाकारली. पुढच्या वर्षी न्यायालयाकडून ती मिळवली गेली. २०१९ मध्ये मोरालेस यांची सत्ता कोसळली, मग उजव्यांचं सूडाचं वर्ष, २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी त्यांच्या पक्षाचं पुनरागमन, मग आपापसातलं भांडण. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला तीन टक्क्यांच्या आसपास मतं पडली.

चिलीत चूक बहुमताच्या हिशेबात झाली. ऑक्टोबर २०१९ चा भडका मेट्रोच्या ३० पेसोंच्या भाडेवाढीवरून उडाला. वर्षभराने ७८ टक्के लोकांनी नवी राज्यघटना हवी असं सांगितलं, पण तेव्हा मतदान ऐच्छिक होतं आणि निम्मेच मतदार आले होते. १५५ जणांच्या घटनासमितीत उजव्यांना ३७ जागा मिळाल्या, म्हणजे अडवण्यापुरताही एक तृतीयांश नाही. त्यामुळे डाव्यांना कुणाशी तडजोड करण्याची गरजच पडली नाही. ३८८ कलमांचा मसुदा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र मतदान सक्तीचं होतं. जे कधीच कुठल्या मोर्चात नव्हते ते लाखोंनी आले आणि ६२ टक्क्यांनी मसुदा पडला. डावे नेते गाब्रिएल बोरिच तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचे राष्ट्राध्यक्ष होते. संसदेत बहुमत नाही, आणि मार्च २०२३ मध्ये करसुधारणेचं विधेयक चर्चेलाही घेतलं गेलं नाही. आठवड्याला कामाचे चाळीस तास आणि पेन्शनमधला बदल मात्र त्यांनी वाटाघाटी करून मिळवला. त्याचं श्रेय त्यांना कुणी फारसं देत नाही, ते द्यायला हवं.

श्रीलंकेत २०२२ च्या उठावानंतरचं गणित उलटं आहे. २०२० मध्ये तीन खासदार असलेल्या डाव्या आघाडीला नोव्हेंबर २०२४ मध्ये २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. संख्या भरपूर, तिजोरी रिकामी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा कर्जाचा कार्यक्रम आधीच्या सरकारने स्वीकारलेला. व्याज वगळून जीडीपीच्या २.३ टक्के शिल्लक दाखवायची अट त्यात आहे, आणि या आघाडीचे राष्ट्राध्यक्ष अनुर कुमार दिसानायके यांनी तो चालू ठेवला. बाहेरून कर्ज मिळण्याची दारं बंद असताना तो मोडला असता तर पुन्हा औषध-इंधनाची टंचाई आली असती, म्हणून यासाठी मी त्यांना दोष देत नाही. पण दहशतवाद प्रतिबंधक कायदा रद्द करणं आणि कार्यकारी अध्यक्षपद संपवणं ही आश्वासनंही त्यांचीच आहेत. पहिल्याला साधं बहुमत पुरतं, दुसऱ्याला दोन तृतीयांश खासदार आणि सार्वमत लागतं. दोन तृतीयांश म्हणजे १५०. डॉलर यातल्या कशालाच लागत नाहीत, आणि उशीर झाला तर जाब यावरच विचारला पाहिजे.