इंच सांगून मॉनिटर विकणाऱ्यांचा राग येतो

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. माझ्याकडे लग्नाच्या सीझनला शूटला येणारा पोरगा काल अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा आडवा लांब मॉनिटर घेऊन आला, साठवलेले पैसे घालून आणि वर हप्ते करून. २९ इंची, २५६० बाय १०८० पिक्सेल. "दादा, दुकानवाला म्हणाला एडिटिंगला एक नंबर, २७ पेक्षा मोठा." अरे मोठा कुठं? २९ इंची अल्ट्रावाइडची उंची साध्या २३ इंचीएवढीच भरते, त्यात लाइटरूम, म्हणजे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की वर मेनू, खाली छोट्या फोटोंची पट्टी, आणि उभा फोटो काडेपेटीएवढा. विकणाऱ्याला हे माहीत नसतं का? चांगलं माहीत असतं.

आणि लगेच कुणी म्हणू नका की अल्ट्रावाइड म्हणजे गेमिंगवाल्यांचं खूळ. मी ३४ इंचीवर काम करतो, ३४४० बाय १४४०, त्याची उंची २७ इंचीएवढी मिळते. याआधी दोन मॉनिटर होते, दोन कंपन्यांचे. एकदा अल्बम फायनल करायला नवरीची आई शेजारी बसलेली, मोरपंखी पैठणी डाव्या स्क्रीनवर हिरवट आणि उजव्या स्क्रीनवर निळी. काकू म्हणाल्या, "यातली आमची कुठली?" दुसऱ्या दिवशी पिशवीतनं पैठणीच घेऊन आल्या, पदर स्क्रीनला लावून बघितला, एकीकडेही जुळेना. त्यानंतर एकच मोठा स्क्रीन घेतला आणि तो कॅलिब्रेट, म्हणजे रंग खरे दिसतील असा सेट करून घेतला.

अल्बमवाल्यांना तर हे सांगायलाच नको. १२ बाय ३६ इंची शीट म्हणजे सरळ एकास तीन, साध्या स्क्रीनवर ती मधे पट्टी होऊन बसते आणि वरखाली नुसतं करडं. माझ्या ३४ इंचीवर उजवीकडे लेयर्सची यादी उघडी ठेवूनही शीट पंचवीस-सव्वीस इंच रुंद दिसते, नवरीचा चेहरा घडीवर येतोय का ते तिथंच कळतं. बाकी रोजचं काम पण सुटसुटीत होतं, व्हॉट्सॲपवर आलेली सिलेक्शनची नंबरयादी एका बाजूला, फोल्डर दुसऱ्या बाजूला, जीएसटीची एक्सेल शीट आडवी न सरकवता दिसते.

बारकावा २७ इंची फोर-के वर, म्हणजे जास्त पिक्सेलवाल्या स्क्रीनवर जास्त दिसतो, मान्य. दिवसभर स्किन रिटचिंगच करणाऱ्याने तोच घ्यावा.

पण पॅनल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार बघा रे, आयपीएस आणि व्हीए यातला आयपीएस घ्या. व्हीए पॅनल समोरून छान दिसतो, शेजारच्या खुर्चीवरून रंग फिके पडतात, आणि आपलं गिऱ्हाईक शेजारीच बसतं ना. ती पैठणी काकूंनी शेजारूनच बघितली होती.

पोराला काही बोललो नाही, पहिल्या कमाईची वस्तू आहे त्याची. बिलाला, एक्सेलला, सिलेक्शनला तो स्क्रीन चांगलाच आहे, अल्बम माझ्याकडे येऊन कर म्हटलं. पण ज्याने विकला त्याने एका शब्दाने विचारलं नाही की बाबा तू कसलं एडिटिंग करतोस, याचा संताप जात नाही.

घ्यायला जाणाऱ्यांनी आपली एक शीट आणि एक उभा फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा, दुकानातच उघडायला लावा, मग उठून शेजारच्या खुर्चीवर बसून परत बघा. लावून दाखवत नसेल तर सरळ दुसरं दुकान गाठा.