तेराव्या फेरीचं तेरावं

गणपतीच्या नैवेद्याचा स्वयंपाक आमच्या घरी कुणी चाखत नाही. आई आमटीच्या वाफेवर नाक नेते आणि म्हणते, "मीठ कमी पडलंय." पडलेलंच असतं. स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो. प्रोग्राम चालवायचा नाही, नुसता वाचायचा आणि तो कुठे आपटणार ते आधीच ओळखायचं.

फरक एवढाच, की मीठ कमी असलं तर आई पातेल्याला दोष देत नाही.

मी गाड्यांच्या कंट्रोलरचा कोड सी भाषेत लिहितो. परवा आमच्या टूलने एक फाइल रंगवून समोर ठेवली. हिरवं म्हणजे निर्धास्त, नारिंगी म्हणजे कदाचित, लाल म्हणजे नक्की गेला आणि राखाडी म्हणजे इथवर कुणी पोचणारच नाही. लूपच्या, म्हणजे त्याच ओळी फेरीफेरीने चालवणाऱ्या तुकड्याच्या, पोटात भागाकाराची एक ओळ नारिंगी होती, लूपखालचं सगळं राखाडी. आणि लाल काय, तर लूप सुरू करणारा ‘फॉर’. नुसता शब्द!

तीन इंग्रजी अक्षरांत चुकणार काय? स्पेलिंग पाहिलं, कंस मोजले, अर्धविराम तपासले. फेऱ्या मोजणारा आय 0 पासून 15 पर्यंत जातो, सोळा फेऱ्या होतात, लूप संपतो. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरची तक्रार नाही. दोन चहा झाले. नारिंगी ओळीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण नारिंगीला आमच्या ऑफिसात कुणी भीक घालत नाही.

शेवटी शेजारची ज्युनियर म्हणाली, "सर, फेऱ्या मोजून बघा ना."

भागाकार होता (12 - आय) ने. मी बोटांवर मोजायला लागलो. बारा, अकरा, दहा... आय 12 झाला आणि खाली शून्य! बारा फेऱ्या सुखरूप, तेराव्या फेरीला प्रोग्रामचं तेरावं.

मग रंग उलगडले. ती ओळ बारा वेळा नीट चालते आणि एकदाच मरते, म्हणून तिला नारिंगी. पण लूप पुरा कधीच होत नाही, म्हणून लाल त्याच्या कपाळी. टूल ‘आय 0 ते 15’ असा अख्खा पल्ला धरून हिशेब करतं. मग खालचा आकडा उणे 3 ते 12, आणि शून्य त्यात आलंच. हा विचार पॅट्रिक आणि राडिया कूझो या दांपत्याने 1977 साली मांडला. नवराबायकोने मिळून दुसऱ्यांच्या चुका न चालवता शोधायच्या, हे मला अजिबात अशक्य वाटत नाही.

चूक आली कुठून? जुन्या मॉडेलला सेन्सर 10, म्हणून फेऱ्याही 10. नव्याला 16, कोड तोच. एरियान 4 रॉकेटचा कोड एरियान 5 मध्ये तसाच गेला, 64 बिटांचा आकडा 16 बिटांत कोंबला गेला आणि 4 जून 1996 ला रॉकेट साधारण 40 सेकंदांत फुटलं, हे साहेब दर मीटिंगला सांगतात. मीही दर वेळी मान डोलावतो.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. म्हटलं, "समज, 21 मोदकांतला एकच फुटणार आहे, आणि कुठला ते न सांगता कुणी मोदकपात्रालाच लाल रंग फासला तर?"

"कुठला ते कशाला सांगायला हवं," आई म्हणाली, "तू वळलेला असणार. पारी जाड करतोस."