पस्तिशीच्या आत गर्भपिशवी काढा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“मराठवाड्यातली सरकारी आरोग्य केंद्रं बंद करा, तो पैसा जनतेला वाटा” असा एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल त्रिकोण, शेवटी जोडलेले हात आणि “खरा मराठवाडेकर असाल तर दहा जणांना पाठवा”. पहिल्यांदा आला तेव्हा मी वाचलाही नाही, पुसून टाकला. मग तोच माझ्या धाकट्या जावेने पाठवला. खाली लिहिलं होतं, “ताई, पाचवा मुद्दा बघा. मी पण काढून टाकू का? पांढरं जायचं थांबतच नाही.” ती 32 वर्षांची आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचं मेडिकल आहे. लोक आरोग्य केंद्रातून फुकट गोळ्या न्यायला लागले तर गल्ला आमचाच रिकामा राहतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे “ह्यांना सरकार किती देतं” असं कुणी विचारायला नको.

पाचव्यापासूनच सुरू करते, बाकीचे सहा थांबतील. तो असा: “अंगावरून पांढरं जात असेल आणि मुलं झालेली असतील, तर पस्तिशीच्या आत पिशवी काढून टाका. कॅन्सरचा धोका कायमचा संपतो. उपकेंद्रातल्या नर्सला यातलं काही कळत नाही.”

थोडं पांढरं जाणं हे बाईच्या अंगाचं रोजचं काम आहे. वास, खाज, दह्यासारखा स्राव असं काही असेल तर बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. त्यासाठी सरकारी केंद्रात रंगीत किट असतात, लक्षणांप्रमाणे रंग ठरलेला. योनिमार्गाच्या संसर्गाचं किट हिरवं. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोल, बस. एकाच दिवसात घ्यायच्या गोळ्या. ह्याच गोळ्या माझ्या काउंटरवर शंभराच्या आसपास पडतात, केंद्रात फुकट. ओटीपोटात दुखत असेल तर किट वेगळं, पिवळं, आणि ते पूर्ण कोर्स करून संपवावं लागतं. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त दिसलं, तर मात्र गोळीवर थांबायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. हे सगळं त्या “काही न कळणाऱ्या” नर्सबाईंना शिकवलेलं असतं. ज्या आजाराला दोन-तीन गोळ्या पुरतात त्यावर पोट फाडायचा सल्ला कोण देतं आणि त्याचा धंदा कुठे चालतो, हे बीडच्या माणसाला मी सांगायला नको.

तरी सांगते, कारण मेसेज लिहिणारा विसरलेला दिसतो. 2019 मध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्यांचं प्रकरण देशभर गाजलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक! राज्यात हे प्रमाण तेव्हा तीन टक्क्यांच्याही आत होतं. बीडच्या बायांच्या पिशव्या काही वेगळ्या मातीच्या नसतात. वेगळी असते ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, दसऱ्यानंतर निघायचं, पैसे मुकादमाकडून आधीच घेतलेले. पाळीत अंग दुखलं म्हणून घरी राहिलं की खाडा, आणि खाड्याला 500 रुपयांपर्यंत दंड. फडात ना पाणी ना आडोसा. कापड धुवायचं कुठे आणि वाळवायचं कुठे? त्यातून संसर्ग, संसर्गातून पांढरं जाणं, मग कुठल्यातरी दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवून “गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल”. बाई घाबरते. मुकादमाकडून आणखी उचल घेते. ती फेडायला पुढच्या हंगामात टाके ओले असतानाच मोळी डोक्यावर.

त्याच समितीच्या काळात बीडमध्ये एक नियम झाला. खाजगी दवाखान्याने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. तुम्हाला कुणी “उद्याच ॲडमिट व्हा” म्हणालं तर तो परवानगीचा कागद मागा. मागितल्यावर डॉक्टरांचा आवाज किती गोड राहतो तेही बघा.

कॅन्सरच्या वाक्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पिशवी तोंडासकट काढली तर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायची शक्यता जवळजवळ राहत नाही. ह्या न्यायाने दात किडू नयेत म्हणून पंचविशीतच कवळी बसवायला हवी. पिशवी काढताना बीजाशयंही काढली तर त्याच दिवशी म्हातारपणाचं दार उघडतं. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. हे त्या मेसेजमध्ये नाही. पस्तिशीतल्या बायका आमच्या काउंटरवर गुडघे धरून कॅल्शियम मागतात, तेव्हा मी वय विचारते आणि पुढचा प्रश्न मला विचारावा लागत नाही.

आता कॅन्सर रोखायचा तो कसा, याचं जगातलं एक ठळक उत्तर आपल्याच मराठवाड्यातून गेलेलं आहे, आणि आपल्यालाच ते ठाऊक नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायांवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं, निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन, ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, तीही आयुष्यात फक्त एकदा, आणि ज्यांच्यात दोष दिसला त्यांच्यावर वेळीच उपचार केले. त्या गटातले ह्या कॅन्सरचे मृत्यू, काहीच तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. (तपासणी न करता एक गट तसाच ठेवला यावरून नंतर वाद झाला, आणि तो रास्त होता.) पिशव्या सरसकट कापून हे साधलेलं नाही. गावात जाऊन, बायांना गोळा करून, तपासून साधलं. ती तपासणी अजून प्रत्येक केंद्रात मिळत नाही, ही रड आहेच. पण पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी तिशीच्या पुढच्या बायांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आरोग्य कार्यकर्त्यांनी तीच केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले होते. आपल्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या वारी होते, हे आशाताईंना विचारायला फोनसुद्धा लागत नाही, त्या गल्लीतच राहतात.

बाकीचे मुद्दे आता पटापट.

“सगळ्यांना एकच पांढरी गोळी देतात.” ॲम्लोडिपिन पांढरी असते. मेटफॉर्मिन पांढरी असते. पॅरासिटामॉलही पांढरीच. रंगावरून औषध ओळखणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

“सरकारी लस हलकी.” सरकार आणि खाजगी डॉक्टर पुष्कळदा त्याच कंपन्यांच्या लसी घेतात. सरकारी कुपीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की लस उन्हाने गेली, ती टोचायची नाही. सिस्टरला कुपी दाखवा म्हणा, दाखवतात. खाजगीत ताप कमी येणारी त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) मिळते हे खरं, ती वेगळ्या पद्धतीने बनते आणि महागही आहे. पण एक रात्र बाळ कमी रडलं म्हणून सरकारी लस हलकी ठरत नाही.

“आजी घरीच बाळंत झाली.” आजीला विचारा, किती झाली आणि किती जगली.

“पाच लाखांचं कार्ड आहे, मग केंद्र कशाला?” हा मुद्दा शहाण्यासारखा वाटतो, म्हणून त्यावर थोडी थांबते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड चांगलंच आहे, आमच्या घरातही आहे. पण ते चालतं यादीतल्या आजाराला, यादीतल्या दवाखान्यात, भरती झाल्यावर. बीपीच्या रोजच्या गोळीला ते चालत नाही. आमच्याकडे वाडी-तांड्यावरून येणारी माणसं म्हणतात, “ताई, पट्टी कापून पाचच द्या.” पाच दिवस गोळी, मग बाजारापर्यंत खाडा. असं वर्ष-दोन वर्षं चाललं की एक दिवस तोंड वाकडं होतं किंवा किडनी जाते, आणि तेव्हा कुठे कार्ड बाहेर निघतं. शहरातला नोकरदार महिन्याची पट्टी एकदम नेतो, त्याच्यावर ती वेळ सहसा येत नाही. हा फरक भरून निघायचा तर महिनाभराची गोळी चालत जाण्याच्या अंतरावर फुकट मिळाली पाहिजे. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र हा हिशेब त्यासाठीच आहे. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत.

नांदेड. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला तिथल्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यात 12 नवजात बाळं. मेसेजवाला म्हणतो, बघा, सरकारी म्हणजे मरण. औषधांच्या तुटवड्यावरून तेव्हा जे रान उठलं ते उगाच नव्हतं. पण ती बाळं त्या वॉर्डापर्यंत पोचतात कशी? बीडमध्ये 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल सांगतो. पूर्ण राज्यात हा आकडा 21.9 आहे. पोरवयाची, रक्त कमी असलेली आई, कमी वजनाचं बाळ, आणि खालचे सगळे दवाखाने हात वर करून एकाच मोठ्या रुग्णालयाकडे बोट दाखवणारे. खालची केंद्रं बंद केली तर त्या वॉर्डातली गर्दी कमी होईल की वाढेल?

राहिला पहिला मुद्दा: “उपकेंद्राला कुलूप असतं.” असतं. काही ठिकाणी दुपारी बारानंतर चिटपाखरू नसतं, पदं रिकामी आहेत, “बाहेरून आणा” म्हणून चिठ्ठ्या आमच्याकडे येतात आणि मी त्यावर पैसे कमावते. ऊसतोडीला गेलेल्या बाईला गावचं केंद्र सहा महिने उपयोगाचं नाही, हेही खरं. पण कुलूप दिसलं म्हणून इमारतच पाडा हे कुणाच्या सोयीचं आहे? 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. त्यात जनसुनवाया व्हायच्या. साहेबांना मंडपात बसवायचं आणि औषध बाहेरून का आणायला लावलं, हे बायांनी माईकवर विचारायचं. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत मोकळा निधी असतो. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिचा हिशेब वेगळा. मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या गावच्या समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि पैसे कशावर गेले एवढं ग्रामसभेत विचारून यावं, आणि काय उत्तर मिळालं ते त्याच ग्रुपवर टाकावं. तो मेसेज मी स्वतः दहा जणांना पाठवीन.